बरोबर उत्तर जांभळं

माझ्या लॅपटॉपवर एक चिमुकली युटिलिटी आहे. साइज विचाराल तर मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा कमी. इन्स्टॉल करावी लागत नाही, पैसे मागत नाही, लॉगिन मागत नाही, ‘आमची नवीन फीचर्स बघितलीत का?’ असंही विचारत नाही. उघडली की आठ-सोळा रंगीत चौकोन दिसतात. चौकोनावर क्लिक केलं की तीन स्लायडर येतात: लाल, हिरवा, निळा. सरकवा, सेव्ह करा, संपलं. गेल्या पावसाळ्यात तीन वीकेंड घालवून मी ती लिहिली आणि ज्यांना हवी त्यांना फुकट देऊन टाकली. आता अशी माणसं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण ही युटिलिटी १९८०च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटर्सच्या स्क्रीनचे रंग बदलते, आणि ते कॉम्प्युटर आता बहुतेकांना इम्युलेटरमध्येच भेटतात.

दिवसभर ऑफिसात क्लाउड क्लाउड करणारी बायको शनिवारी हे काय उकरत बसते, असं नवरा विचारतो. तर मंडळी, त्याचीच ही गोष्ट. आधी थोडी टेक्निकल आहे, नंतर घरगुती. टेक्निकल भागात डोळे मिटायला लागले तर चहा टाकून या, मी थांबते.

लहानपणी ‘नंबर बघून रंग भरा’ अशी पुस्तकं मिळायची, आठवतात? चित्रात रंग नसायचेच. प्रत्येक कप्प्यात आकडा. खाली तक्ता: १ म्हणजे लाल, २ म्हणजे पिवळा, ३ म्हणजे निळा. जुने कॉम्प्युटर चित्र अगदी असंच साठवायचे. चित्रात नुसते आकडे आणि बाजूला एक छोटा तक्ता. त्या तक्त्याला म्हणायचं पॅलेट.

असं का? तर गरिबी. मेमरीची गरिबी. बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर १९८१ साली एकॉर्न कंपनीने काढला. त्याच्या मॉडेल बी मध्ये सगळी मिळून ३२ केबी मेमरी. त्याच्या ‘मोड १’ मध्ये ३२० बाय २५६ ठिपक्यांचं चित्र दिसायचं. आज आपण करतो तसे प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट दिले असते तर एका चित्रालाच २४० केबी लागले असते. म्हणून त्यांनी प्रत्येक ठिपक्याला फक्त दोन बिट दिले. दोन बिटांत आकडे बसतात चार, ० ते ३. झालं चित्र २० केबीत. आणि ० म्हणजे काळा की निळा, हे ठरवायचं काम तक्त्याकडे.

ह्या गरिबीतून एक भन्नाट गोष्ट आपोआप पदरात पडली. तक्त्यातली एक ओळ बदलली की चित्राला हातही न लावता अख्ख्या स्क्रीनवरचा तो रंग क्षणात बदलतो. वीस हजार बाइट पुन्हा लिहायला नकोत. १९८५ साली अमिगा आला, त्याच्यावर डिलक्स पेंट नावाचं सॉफ्टवेअर आलं, आणि लोकांनी नुसते तक्त्यातले रंग गोल फिरवून धबधबे वाहते केले. चित्र जागच्या जागी, पाणी मात्र पडतंय!

प्रत्येक मशीनचा तक्ता वेगळा. अमिगाचा श्रीमंत: ४०९६ रंगांतून निवडा. त्याच वर्षीच्या अटारी एसटीकडे ५१२ रंग, एका वेळी १६. आयबीएमच्या १९८७च्या व्हीजीएमध्ये दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस रंगांतून एका वेळी २५६ घ्यायची सोय. त्या मानाने १९८१च्या सीजीएकडे १६च रंग, पण त्यात एक गंमत होती. हिशोबाने सहाव्या नंबरवर गडद पिवळा यायला हवा. तो दिसायचा शेवाळ्यासारखा. म्हणून आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये खास त्या एका रंगासाठी हिरवा कमी करणारं सर्किट घातलं, आणि सहावा नंबर तपकिरी झाला. कुणाला तरी तपकिरी हवा होता, म्हणून आख्खं सर्किट!

माझा सगळ्यात लाडका तक्ता मात्र सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा, १९८२चा. ० काळा, १ निळा, २ लाल, ३ जांभळट गुलाबी, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा. वरवर बघता काहीही क्रम वाटतो. पण हा क्रम उजेडाचा आहे. आपल्या डोळ्यांना निळा सगळ्यात अंधारा वाटतो, मग लाल, मग हिरवा. त्यामुळे हेच आठ रंग ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर टाकले तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या आठ नीट पायऱ्या दिसतात. त्या वर्षी घराघरांत कसले टीव्ही होते ते आठवा. आपल्याकडे तर दूरदर्शन रंगीत झालं तेच १९८२ साली, एशियाडच्या वर्षी. म्हणजे ज्याला रंग दिसत नाहीत, त्याचाही खेळ अडू नये, हे त्या नंबरांच्या क्रमातच होतं.

‘ज्याला रंग दिसत नाहीत.’ इथून घरगुती भाग सुरू.

माझ्या बाबांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. ब्लॅक अँड व्हाइट दिसत नाही हो त्यांना, लोकांना तसंच वाटतं! निळा दिसतो, पिवळा दिसतो. पण जास्वंदीच्या झाडावर फुलं आहेत की नाहीत हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. टोमॅटो दाबून घेतात. ते शाळेत गणित शिकवायचे, आणि त्यांच्या खिशातल्या दोन पेनांच्या टोपणांवर सुईने कोरलेलं असायचं, एकावर ‘ला’ आणि एकावर ‘हि’. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच सरांच्या पेनांवर असं असतं.

ह्याचं गणित साधं आहे. लाल आणि हिरवा ओळखायची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच. तो बिघडलेला असला तर स्पेअर नाही. बाबांनी त्यांचा तो एकुलता एक एक्स आम्हा दोघी बहिणींना दिला. आम्हाला आईकडून दुसरा, चांगला मिळाला, म्हणून आम्हाला सगळे रंग दिसतात. पण आमच्या मुलग्यांना दोन्हीपैकी कुठला मिळेल, हा निव्वळ छापा-काटा. ताईचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. त्याचा काटा पडला. (माझं नाणं अजून हवेतच आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, ‘मग काय?’ विचारणाऱ्या मावश्यांना हे उत्तर देऊन बघायला हवं.)

भाच्याचं कळलं ते चित्रकलेच्या वहीवरून. झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी. बाईंनी लाल पेनने, म्हणजे मला वाटतं लालच, ‘लक्ष देऊन रंगव’ असा शेरा मारला होता. ताई रडवेली झाली. बाबा काही बोलले नाहीत, वही बराच वेळ हातात धरून बसले.

त्या सुमारास मी भाच्याला इम्युलेटरवर जुने गेम दाखवत होते. एकात एकसारखे रंगीत ठोकळे शेजारी आणायचे होते. पोरगं हुशार, पण हिरव्या आणि पिवळ्यात दर वेळी अडकायचं. चिडून म्हणालं, ‘मावशी, हा गेम चीटिंग करतो.’ मला वाटलं, खरंच करतो. आणि डोक्यात दिवा पेटला: ह्या गेमच्या चित्रात रंग आहेतच कुठे? आकडे आहेत. आठ ओळींचा तक्ता तर बदलायचाय! गेमच्या कोडला हात लावायला नको. मशीन म्हणतं ‘दोन नंबर’, आणि दोन नंबर म्हणजे नेमका कुठला रंग हे इम्युलेटर ठरवतो. तो ठरवतो तर मीही ठरवू शकते.

तशा पॅलेट बदलायच्या युटिलिटी जुन्या काळापासून आहेत. कमोडोर ६४ वाल्यांचा तर तो छंदच आहे. त्या मशीनचे १६ रंग आकड्यांत कधी ठरलेलेच नव्हते, टीव्हीला सिग्नल जायचा आणि टीव्ही दाखवेल तो रंग. त्यामुळे ‘खरा’ रंग कुठला ह्यावर माणसं आजही हिरिरीने वाद घालतात. मला खरा रंग नको होता. मला असा तक्ता हवा होता ज्यात भाच्याला आठही रंग आठ दिसतील. म्हणून मी माझ्या युटिलिटीत दोन जादा गोष्टी घातल्या. एक बटण, जे दाबलं की आठ चौकोन हिरवा न ओळखणाऱ्या डोळ्यांना साधारण कसे दिसतील ते दाखवतं. आणि प्रत्येक चौकोनाखाली त्याचा उजेड किती ते. उजेडाचं सूत्र जुन्या टीव्हीवाल्यांचंच: लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११. रंग चकवतात, उजेड सहसा चकवत नाही.

ते बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी नुसती बघत राहिले. आठ चौकोन होते, त्याच्या जणू चार जोड्या झाल्या. हिरवा आणि पिवळा जवळजवळ एक. निळा आणि जांभळा भाऊ भाऊ. आकाशी पांढऱ्याकडे सरकलेला. लाल मळक्या काळपट पिवळ्यासारखा. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाबरोबर जेवले, भांडले, गणितं सोडवली, त्याचं जग असं आहे हे मला एका बटणाने दाखवलं. आणि ते बटण मीच लिहिलं होतं.

तक्ता सेव्ह होतो तो साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. वर तीन ओळी मथळ्याच्या, मग प्रत्येक रंगाची एक ओळ, तिच्यात तीन आकडे. जुन्या फॉरमॅटप्रमाणे फाईलचं शेपूट ‘पाल’. मी मोठ्याने म्हटलं, ‘पाल सेव्ह झाली!’ तर आई झाडू घेऊन आली. असो.

बाबांना दाखवलं दिवाळीत. म्हटलं, बाबा, हे बघा, चौकोनावर क्लिक करा, हवा तो रंग करा, सगळ्या गेममध्ये बदलतो. बाबांनी चष्मा सारखा केला, दोन मिनिटं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, ‘अगं, हे तर व्हीडीयू १९.’

मी सपाट.

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांत कॉम्प्युटर शिकवायला ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला होता. त्यात काही निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. बाबांची शाळा त्यातली. गणिताचे सर म्हणून कॉम्प्युटरची किल्ली बाबांकडे. हे मला माहीत होतं, त्यांचा बेसिक शिकवतानाचा एक फोटोही घरी आहे. माहीत नव्हतं ते पुढचं.

बीबीसी मायक्रोवर तक्ता बदलायची आज्ञा होती व्हीडीयू १९. तिच्यापुढे पाच आकडे. पहिला, तक्त्यातली कुठली ओळ. दुसरा, तिच्यात कुठला रंग भरायचा. उरलेली तीन शून्यं, पुढेमागे काही लागलं तर असावीत म्हणून ठेवलेली. शाळेत कुणीतरी लिहिलेला पाढ्यांचा एक प्रोग्राम होता. उत्तर बरोबर आलं की हिरवी अक्षरं, चुकलं की पिवळी. वर्गात चाळीस मुलं, एक स्क्रीन, आणि सरांना मागे उभं राहून सांगायचं, की शाब्बास की पुन्हा कर. सरांना दोन्ही अक्षरं सारखीच दिसत होती.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. शाळा सुटल्यावर एक ओळ घातली. व्हीडीयू १९, १, ५, ०, ०, ०.’ चाळीस वर्षांनी त्यांना आकडे पाठ होते. पाच म्हणजे जांभळा. जांभळा त्यांना निळसर दिसतो, पिवळ्यापासून अगदी वेगळा. ‘तेव्हापासून आमच्या शाळेत बरोबर उत्तर जांभळं. पोरांना वाटायचं, कॉम्प्युटरमध्ये असंच असतं.’

सगळे हसलो. मग आईने विचारलं, हेडमास्तरांना सांगून रंग बदलून घ्यायचा होता की सरळ. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘सांगितलं असतं तर नोकरी राहिली असती, ह्याची खात्री कुठे होती?’

कारण त्याआधी एकदा गेली होती. लेखी परीक्षेत वरचा नंबर, मुलाखत उत्तम, आणि मग वैद्यकीय तपासणीत ठिपक्याठिपक्यांची ती पुस्तिका समोर आली. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारांनी १९१७ साली काढलेल्या चाचणीची. इतरांना ठिपक्यांत आकडा दिसतो, बाबांना नुसते ठिपके दिसले. त्या कामात सिग्नल ओळखायचे होते, तेव्हा नियम चुकीचा होता असं बाबा आजही म्हणत नाहीत. पण तिथल्या माणसाने सगळ्यांसमोर ‘आंधळा आहे का रे’ असं विचारलं ते त्यांच्या लक्षात राहिलं. त्यानंतर त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शाळेत नाही, शेजाऱ्यांना नाही. टोपणांवर अक्षरं कोरली, तक्ता बदलला, तीसहून अधिक वर्षं नोकरी केली आणि रिटायर झाले. जन्मभर सायकल चालवली, कारण लायसन्सच्या फॉर्मवर लाल-हिरवा ओळखता येतो का हा प्रश्न असायचा आणि खोटं लिहायचं नव्हतं. २०२०च्या जूनमध्ये केंद्राने ते फॉर्म बदलले, सौम्य ते मध्यम रंगांधत्व असलेल्यांना लायसन्स मिळायची वाट मोकळी झाली. मी ती बातमी उत्साहाने दाखवली होती तेव्हा म्हणाले, ‘आता ह्या वयात कुठे क्लच दाबू.’

त्या संध्याकाळी बाबा आणि भाचा लॅपटॉपपुढे बसले आणि त्यांनी स्वतःचा तक्ता बनवला. एक स्लायडर आजोबा सरकवणार, एक नातू. ‘आजोबा, हा आणि हा सेम आहे.’ ‘मग ह्याचा उजेड वाढव.’ मी मध्ये बोलायला गेले तर दोघांनी हाकलून दिलं. तासाभराने बोलावलं. आई शप्पथ सांगते, इतकी भयाण रंगसंगती मी आयुष्यात पाहिली नव्हती. आकाश पिवळं, गवत निळं, आणि हीरो कसल्याशा फिक्या राखाडी रंगाचा. पण पोरगं धडाधड ठोकळे जुळवत होतं.

मी वाकून बघत विचारलं, ‘हे निळं म्हणजे पाणी ना?’

‘अगं गवत आहे,’ बाबा म्हणाले. ‘दिसत नाही का तुला?’ आणि खो खो हसायला लागले. सहासष्ट वर्षं ऐकलेलं वाक्य त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला तरी म्हणायला मिळालं होतं.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. आपण म्हणतो अमक्याला रंग दिसत नाहीत. पण ‘चूक म्हणजे लाल, बरोबर म्हणजे हिरवं’ हा तरी काय निसर्गनियम आहे का? तोही कुणीतरी भरलेला तक्ताच. बहुसंख्यांच्या डोळ्यांना जमला, म्हणून राहिला. फरक एवढाच, की बीबीसी मायक्रोचा तक्ता एका शाळामास्तरला सहा आकड्यांत बदलता आला, आणि आपल्या आसपासचे बहुतेक तक्ते सीलबंद असतात. आता फोनमध्ये आणि विंडोजमध्ये रंगांधत्वासाठी फिल्टर आहेत, चांगले आहेत, बाबांच्या फोनवर मी लावूनही दिला. पण फिल्टर अख्खी स्क्रीन एका सूत्राने ढकलतो. तक्ता एकेक रंग समोर ठेवून विचारतो, हा तुला कसा हवा? ह्या दोन्हींत फरक आहे, आणि तो बाबांच्या हसण्यात ऐकू येत होता.

ऑफिसात आमच्या टीमच्या डॅशबोर्डवर सर्व्हर चालू असला की हिरवा गोल, पडला की लाल गोल असायचा. मी तिथे बरोबरची खूण आणि फुली घातली. अर्ध्या तासाचं काम. कुणासाठी केलं असं विचारलं नाही, तसं मीही कुणाला विचारलं नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या टीममधल्या एकाने लिफ्टमध्ये हळूच ‘थँक्स’ म्हटलं. बस्स, तेवढंच.

राहता राहिली भाच्याची शाळा. ताईला वाटत होतं, सांगू नये, पोराला चिडवतील. आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो, कारण न सांगता आयुष्य काढायचा अनुभव त्यांचाच. बाबा म्हणाले, ‘सांग. मला जमलं ते माझ्याकडे खोलीची किल्ली होती म्हणून. ह्याच्याकडे नाही.’ बाईंना द्यायची चिठ्ठी त्यांनीच सांगितली, ताईने लिहिली. बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून तिला बराच वेळ प्रश्न विचारले, आणि तो जुना शेरा खोडला.

मग बाबांनी नातवाची खडूंची पेटी मागून घेतली आणि मला शेजारी बसवलं. मी एकेक खडू उचलून रंगाचं नाव सांगायचं, आणि त्यांनी त्याच्या कागदावर बारीक, गोल अक्षरात लिहायचं: ‘ला’, ‘हि’, ‘त’, ‘ना’. जांभळा आला तसे थांबले. म्हणाले, ‘ह्याला नको, हा कळतो.’